विजयदुर्गची होडीफेरी आणि ‘सॅलिस्बरी’ नावाची युद्धनौका

विजयदुर्गच्या जेटीवर किल्ल्याभोवती होडी फिरवून आणणारे पुष्कळ आहेत आणि किल्ल्याच्या दरवाज्याशी इतिहास सांगणारेही आहेत. त्यांच्यातल्याच काही स्थानिक तरुणांनी मिळून एक वेगळी फेरी सुरू केली आहे. या फेरीत होडी आहे, किल्ला आहे, माहितगार आहे. मात्र सांगितले जाते ते 1756 च्या फेब्रुवारीत या किल्ल्यावर तोफा डागायला आलेल्या एका इंग्रज युद्धनौकेचे चरित्र. तिचे नाव सॅलिस्बरी. कोकणातल्या माणसाने शत्रूच्या जहाजाचे चरित्र कशासाठी ऐकायचे, असा प्रश्न आमच्यातल्या एका गृहस्थांनी जेटीवरच विचारला, आणि तो रास्त होता. फेरी संपल्यावर माझे मत असे झाले आहे की, विजयदुर्ग पडला कसा हे नीट समजून घ्यायचे असेल, तर तो पाडणारी नौका कोणत्या घडणीची होती, तिच्यावरची माणसे कशी जगत आणि कशाने मरत, आणि येथून गेल्यावर तिचे काय झाले, हे कळलेच पाहिजे. नुसता ‘इंग्रजांचे आरमार आले’ असा उल्लेख करून पुढे गेल्याने आपल्या बाजूचा पराक्रमही नीट मोजता येत नाही. या फेरीचे मोल मला तिथे वाटते, आणि तिच्यातल्या उणिवा मला खटकल्या त्याही त्याचमुळे.

आधी व्यवहाराचे सांगतो. मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेरे फाट्यावरून विजयदुर्गचा रस्ता पकडायचा. फेरीची वेळ घड्याळावर ठरत नाही, ती भरती पाहून ठरते, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारून घेणे आवश्यक आहे. पावसाळ्यात फेरी बंद असते. होडी जेटीवरून निघून वाघोटन खाडीच्या तोंडापर्यंत जाते, किल्ल्याच्या समुद्राकडील बाजूने थोडी फिरते, परत खाडीत येऊन थांबते, आणि त्यानंतरचा भाग किल्ल्याच्या तटावर चालत सांगितला जातो. होडीत बसण्याची व्यवस्था साधी पण स्वच्छ होती. तांडेल वयस्कर आणि अनुभवी होते. भरतीच का, असे विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, “भरती चढल्याशिवाय मोठा तारू आत येवचा नाय.” पुढच्या सगळ्या कथनाचा पाया याच वाक्यावर उभा आहे, हे नंतर लक्षात आले.

होडी सुटल्यावर माहितगाराने फळीखालच्या पेटीतून सॅलिस्बरीची लाकडी प्रतिकृती काढली. ती सुमारे दीड फूट लांब आहे आणि सावंतवाडीकडच्या कारागिराकडून सागवानात करून घेतलेली आहे. तिचा एका बाजूचा तक्ता सरकवता येतो, आणि आतले दोन्ही तोफमजले दिसतात. मूळ नौका साधारण 140 फूट लांबीची, तीन डोलकाठ्यांची आणि 50 तोफांची होती. तिच्या वर्गाच्या नौकांवर खालच्या मजल्यावर 24 पौंडी गोळा फेकणाऱ्या 22 तोफा, वरच्या मजल्यावर 12 पौंडी 22 तोफा आणि मागच्या-पुढच्या उंच भागांवर सहा लहान तोफा, अशी मांडणी असे. हे आकडे ऐकताना कानावरून जातात; म्हणून माहितगार 24 पौंडी गोळ्याच्या वजनाचा, म्हणजे जवळजवळ अकरा किलोचा, लोखंडी गोळा प्रत्येकाच्या हातात देतो. तो घेऊन हलत्या होडीत उभे राहण्याचा प्रयत्न केला की, असे गोळे धुराने भरलेल्या, वाकून चालावे लागणाऱ्या मजल्यावर तासन्‌तास भरणाऱ्या माणसांचे श्रम कळतात. डोलकाठ्यांचे दोर, परबाणे, सुकाणू, नांगर हे सर्व प्रतिकृतीत नेटके केलेले आहे. चूक आहे ती निशाणात. प्रतिकृतीवर लावलेल्या ब्रिटिश निशाणात पांढऱ्यावरचे तिरपे लाल पट्टे आहेत, आणि ते पट्टे त्या निशाणात आयर्लंडच्या समावेशानंतर 1801 मध्ये आले. 1756 च्या नौकेवर ते असू शकत नाहीत. एका छोट्या कापडाचा प्रश्न आहे, पण इतके कष्ट घेतलेल्या वस्तूवर ही चूक राहू नये.

चरित्राची सुरुवात 1746 पासून होते. त्या वर्षी सॅलिस्बरी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर, ईस्ट कौस येथे पाण्यात उतरली. फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि तिचे पहिले काम इंग्लिश खाडीत गस्त घालण्याचे होते. या गस्तीत आठवडेच्या आठवडे बंदर दिसत नसे. हिरड्या सुजून काळ्या पडायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या, गुडघ्यांतले बळ जायचे; हा स्कर्व्ही नावाचा रोग त्या काळच्या आरमारांत तोफांपेक्षा जास्त माणसे नेत असे. सॅलिस्बरीवर साडेतीनशेच्या आसपास माणसे होती आणि 1746 च्या एका दीर्घ गस्तीत त्यांतली सुमारे 80 या रोगाने आजारी पडली. पुढच्या वर्षी, 20 मे 1747 रोजी, कॅप्टन जॉर्ज एजकम यांच्या हाताखालच्या याच नौकेवर जेम्स लिंड या स्कॉटिश वैद्याने बारा रोगी निवडले, त्यांना एकाच ठिकाणी ठेवले, एकसारखे जेवण दिले, आणि दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात या प्रयोगाला फार वरचे स्थान आहे, कारण उपायांची अशी समोरासमोर तुलना करण्याची रीत त्यात स्पष्ट दिसते.

हा भाग या फेरीत अत्यंत सुरेख सांगितला जातो. माहितगार होडीच्या आडव्या फळीवर सहा वाट्या मांडतो. एकीत सफरचंदाचा रस असतो, कारण लिंडच्या पहिल्या जोडीला सफरचंदाचे आंबवलेले पेय मिळत होते. दुसरी वाटी रिकामीच असते. त्या जोडीला गंधकाम्लाचे थेंब दिले जात, आणि ते पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखे नाही. तिसरीत शिरका, चौथीत तिथेच बाजूला हात घालून घेतलेले खाडीचे पाणी, पाचवीत लसूण-मोहरी वगैरे वाटून केलेली जायफळाएवढी गोळी, आणि सहावीत दोन संत्री व एक लिंबू. मुलांना विचारले जाते की, तुम्ही वैद्य असता तर कोणती वाटी निवडली असती. आमच्याबरोबरच्या एका मुलीने ठामपणे लसणीची गोळी निवडली, कारण तिच्या आजीच्या मते लसूण सगळ्यावर चालते, आणि माहितगाराने तिला खोडून न काढता सांगितले की आरमारातल्या पुष्कळ मोठमोठ्या माणसांचेही त्या काळी असेच काहीसे मत होते. मग निकाल सांगितला. संत्री-लिंबे सहाच दिवसांत संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता आणि दुसरा इतर रोग्यांच्या शुश्रूषेला लागला होता. खाडीचे पाणी प्यायलेल्यांची स्थिती काय झाली हे वेगळे सांगावे लागले नाही. यानंतर सर्वांना लिंबाचे सरबत मिळते. उन्हात बसलेल्या माणसाला ते हवेच असते, आणि कथनात ते नेमक्या जागी येते.

मात्र येथे दोन गोष्टी दुरुस्त व्हायला हव्यात. पहिली अशी की, कथनाच्या ओघात ऐकणाऱ्याचा असा समज होतो की लिंड विजयदुर्गला आलेल्या नौकेवर होते. तसे नव्हते. त्यांनी 1748 मध्ये आरमाराची नोकरी सोडली आणि ते एडिंबरोला गेले. विजयदुर्गच्या मोहिमेचे वर्णन लिहून ठेवणारे वैद्य एडवर्ड आइव्ह्‌ज हे वेगळे. ते इंग्रज ताफ्याचे सरदार वॉटसन यांच्या केंट या नौकेवर होते. दुसरी गोष्ट अशी की, लिंबाने स्कर्व्ही बरा होतो हे कळले आणि प्रश्न सुटला, असा शेवट सांगितला जातो. लिंड यांचा ग्रंथ 1753 मध्ये निघाला, पण त्यांनी स्वतःच इतर कारणांना बरेच महत्त्व दिले आणि लिंबाचा रस आटवून साठवण्याची शिफारस केली, ज्याने त्यातले गुणकारी द्रव्य नष्ट होते. ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट मिळू लागला तो 1795 पासून. म्हणजे ज्या नौकेवर उपाय सापडला, ती नौका 1756 मध्ये विजयदुर्गसमोर उभी असताना तिच्यावरच्या खलाशांना तो उपाय नियमाने मिळत नव्हता. माझ्या मते या कथनातली सर्वांत लक्षणीय बाब हीच आहे आणि ती सध्या निसटते.

1754 मध्ये सॅलिस्बरी रिअर अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन यांच्या ताफ्यात हिंदुस्थानकडे निघाली. फ्रेंचांशी कर्नाटकात चाललेल्या चढाओढीसाठी हा ताफा पाठवला होता. 1755 च्या नोव्हेंबरात तो मुंबईत आला, मुख्यतः जहाजांच्या डागडुजीसाठी. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा ओकच्या फळ्यांची चाळण करतो, आणि तळ साफ करून दुरुस्त करायचा तर सुकी गोदी लागते. अशी गोदी मुंबईत नुकतीच तयार झाली होती आणि तिथे वाडिया घराण्यातले लवजी नसरवानजी हे कसबी जहाजबांधे होते. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी क्लाइव्हही त्याच सुमारास सैन्य घेऊन मुंबईत आला. ज्या मोहिमेसाठी तो आला होता ती रद्द झाली, आणि हाताशी आलेले हे आरमार व हे सैन्य, विजयदुर्ग ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्यांवर वळवण्यात आले. हा योगायोग माहितगार थोडक्यात पण स्पष्ट सांगतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीच्या आरमाराचा कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला होता आणि नंतर विजयदुर्गच्या तोंडाशी येऊन पाण्याची खोली मोजून नेली होती, हेही तो सांगतो.

12 फेब्रुवारी 1756 चा भाग होडी खाडीच्या तोंडाशी थांबवून सांगितला जातो, आणि इथे माहितगाराची तयारी दिसते. तो आधी वारा दाखवतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा दुपारी फिरतो आणि समुद्रावरून खाडीत शिरतो. वॉटसनने याच वाऱ्याची वाट पाहिली आणि दुपारी भरतीवर जहाजे आत घातली. केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिस्बरी आणि ब्रिजवॉटर यांची व कंपनीच्या प्रोटेक्टरची एक रांग. बाँबफेकी गलबते आणि लहान जहाजे यांची दुसरी. सॅलिस्बरीचा कप्तान नोलर होता. ज्या जहाजाला पंधरा फुटांहून जास्त पाणी लागते ते किल्ल्याच्या अंगाला किती जवळ जाऊ शकते, हे समजण्यासाठी तांडेल दोर सोडून पाणी मोजून दाखवतात. नकाशावर हे कधीच इतके स्पष्ट होत नाही. आजवर लांबून गोळे फेकून परत गेलेल्या आधीच्या इंग्रज स्वाऱ्यांमध्ये आणि या स्वारीमध्ये नेमका फरक काय होता, ते त्या दोराने कळते: मोठ्या तोफांची जहाजे या खेपेला तटाच्या अगदी समोर आणून नांगरली गेली.

दुपारी चारच्या पुढे एक गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे कंपनीचेच जहाज; काही वर्षांपूर्वी तुळाजींनी ते पकडून आपल्या आरमारात घेतले होते. ते पेटले, आणि तटाच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबा, म्हणजे आंग्र्यांची मोठी लढाऊ जहाजे, व गलबते एकामागून एक पेटत गेली. आंग्र्यांनी दोन पिढ्यांत उभे केलेले आरमार त्या संध्याकाळी जळाले. रात्री क्लाइव्हने सैन्य उतरवून जमिनीची बाजू अडवली. पेशव्यांचे रामाजी महादेव बिवलकर तिकडे फौज घेऊन होते, तुळाजी त्यांच्या छावणीत गेलेले होते, आणि किल्ला मराठ्यांच्या हाती पडण्याआधी आपल्या हाती यावा अशी इंग्रजांची धडपड होती. दुसऱ्या दिवशी, 13 तारखेला, पुन्हा मारा झाला आणि संध्याकाळी किल्ला पडला. इंग्रजांकडचे मृत आणि जखमी मिळून विसाच्या आसपास. लूट सुमारे दहा लाख रुपयांची, आणि ती त्यांनी आपसांत वाटून घेतली. ऑक्टोबरात झालेल्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांना देऊन इंग्रजांनी बाणकोट आपल्याकडे ठेवला. तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या कैदेतून पुन्हा सुटले नाहीत. पेशव्यांनी परक्याच्या मदतीने आपलेच आरमार संपवले, हे माहितगार आडपडदा न ठेवता सांगतो, आणि त्यासाठी त्याचे कौतुक केले पाहिजे.

आता मुख्य तक्रार. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली असलेल्या भिंतीवर आपटून इंग्रजांची जहाजे बुडाली, ही कथा या फेरीतही सांगितली जाते, आणि ती 1756 च्या वर्णनाला इतकी लागून येते की ऐकणाऱ्याला ती त्याच लढाईतली वाटते. वॉटसनच्या ताफ्यातले एकही जहाज विजयदुर्गला बुडाले नाही. सॅलिस्बरी तर पुढे आणखी पाच वर्षे सेवेत होती, आणि तिचेच चरित्र सांगायला निघालेल्या फेरीत हा गोंधळ शोभत नाही. भिंतीचे कुतूहल सर्वांनाच असते. ते वेगळे सांगावे, लढाईत मिसळू नये.

याहून मोठी उणीव आंग्र्यांच्या बाजूची आहे. सॅलिस्बरीची एकेक तोफ मोजून दाखवणारी ही फेरी आंग्र्यांच्या जहाजांचा उल्लेख फक्त ती जळाली एवढ्यापुरता करते. ती जहाजे कशी होती हे सांगता येण्यासारखे आहे. गुराब दोन डोलकाठ्यांची, मोठी असल्यास तीन. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीनांची तीनशेच्या आसपास. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब आणि सखल काढलेली असे, आणि नऊ किंवा बारा पौंडी तोफा नाळेवरून सरळ पुढे मारा करत. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. तळ उथळ असल्याने ही जहाजे अशा पाण्यात शिरत जिथे सॅलिस्बरी रुतून बसली असती. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूला लागत, जिथे त्याच्या तोफा पोहोचत नसत. उघड्या समुद्रात, पडत्या वाऱ्यात हे आरमार सॅलिस्बरीसारख्या नौकेला भारी पडू शकले असते. बंदरात बांधून ठेवलेल्या अवस्थेत ते तिच्यापुढे टिकले नाही. त्या दोन दिवसांचा सारा निकाल या एका फरकात आहे. म्हणूनच सॅलिस्बरीशेजारी त्याच मापाची एक गुराबही ठेवावी, अशी मी संचालकांना मनापासून विनंती केली आहे. त्यांनी ती मनावर घेतल्याचे दिसले.

उरलेले चरित्र किल्ल्याच्या तटावर बसून सांगितले जाते. 1757 च्या मार्चमध्ये सॅलिस्बरी बंगालात चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यासमोर होती, पण केंट ओहोटीने मागे सरकून तिच्या जागेवर आली आणि सॅलिस्बरीला प्रत्यक्ष माऱ्यात शिरता आले नाही. लढाई टायगर आणि केंट यांनी अंगावर घेतली व दोघींची दुर्दशा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटसन कलकत्त्यात वारले. लढाईत नव्हे, आजाराने. पुढे वॉटसन यांच्या जागी आलेले सरदार पोकॉक यांच्या हाताखाली तिने फ्रेंच सरदार दाशे याच्याशी तीन लढाया केल्या: एप्रिल 1758 मध्ये कडलूरजवळ, ऑगस्टमध्ये नागपट्टणजवळ, आणि सप्टेंबर 1759 मध्ये पाँडिचेरीच्या बाजूला. तिन्ही लढायांत कोणाचेच जहाज बुडाले नाही, पण प्रत्येक वेळी फ्रेंच ताफ्याला माघार घ्यावी लागली. 1761 मध्ये सॅलिस्बरी निकामी ठरवून सेवेतून काढली गेली. पंधरा वर्षांच्या या आयुष्यात विजयदुर्गचे दोन दिवस किती लहान होते आणि आपल्या किनाऱ्याच्या आयुष्यात तेच दोन दिवस किती मोठे, हे मला तटावर बसून फार तीव्रतेने जाणवले.

शेवटी काही सूचना. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटे पुरेशी नव्हती. आमच्या वेळी एका मुलाला मोठ्याचे जॅकेट दोरीने आवळून घालावे लागले, आणि लाटांच्या तोंडाशी होडी उभी करणाऱ्या सेवेने याबाबतीत जराही ढिलाई करू नये. तटावरचे कथन झाडाच्या सावलीत हलवता येईल. वयस्कर मंडळींना तिथले ऊन बाधते. शेवटी दिली जाणारी पुस्तिका शुद्ध मराठीत, सुबक छापलेली आहे, मात्र तिच्यात कंबरलँडचा उल्लेख दोन ठिकाणी दोन वेगळ्या तोफसंख्यांनी आला आहे. दर माझ्या मते वाजवी आहे, कारण त्यात होडी, माहितगार, सरबत आणि पुस्तिका हे सगळे येते. जाणाऱ्यांनी टोपी, पाण्याची बाटली आणि ओली झाली तरी चालेल अशी चप्पल घ्यावी. दहा वर्षांपुढच्या मुलांना जरूर न्यावे. त्याहून लहान मुले सहा वाट्यांपर्यंत रमतात, पुढे कंटाळतात. शाळांनी सहल ठरवताना एका होडीत वीसच्या वर मुले बसवण्याचा आग्रह धरू नये, कारण दोर सोडून पाणी मोजताना ते प्रत्येकाला दिसले पाहिजे.